शेजारणींकडून मागितलेली भांडी

वाचक भगिनीचं पत्र:

प्रभूमध्ये सलाम. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. सासरे नगरहून खाणीवर कामाला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मिस्टरांचा कर्जावर घेतलेला टिपर होता. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा कसेबसे तगलो. २०१८ ला पुन्हा थांबल्या तेव्हा टिपर विकला आणि ते एका हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. यंदा जानेवारीत त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. दीन दयाळ कार्ड (राज्य सरकारच्या आरोग्य योजनेचं) रिन्यू करायचं राहून गेलं होतं. दागिने गहाण ठेवले, शिवाय मी दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचं कर्ज उचललं. त्यांची नोकरी गेली. मी ब्लाउज शिवते, पण त्यात हप्तेही निघत नाहीत. यंदा पुरुमेंतसुद्धा, म्हणजे पावसाळ्याची साठवणही, भरलं नाही. मिस्टर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच आहेत, म्हणून बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

मे महिन्यात एका घरगुती प्रार्थनासभेत बाहेरून आलेले उपदेशक म्हणाले, सारफथच्या विधवेसारखं आधी देवाला द्या, विश्वासाचं बी पेरा, महिन्याभरात कर्ज फिटेल. मी कर्जाच्याच पैशांतून पाच हजार दिले. काहीच झालं नाही. फोन केला तर म्हणाले, तुमच्या घरात कुठेतरी अविश्वास आहे. मिस्टरांनी प्रार्थना सोडली आहे, रात्र रात्र झोपत नाहीत. परवा म्हणाले, "माझ्यापेक्षा माझ्या विम्याचाच तुम्हाला जास्त उपयोग." मुलगी बारावीला आहे. ती विचारते, बाबांनी इतकी वर्षं सेवा केली, मग देव पुरवतो म्हणता तो कुठे आहे?

आमचा विश्वास कमी पडला का? लोकांपुढे, सरकारपुढे हात पसरला तर देवावर भरवसा नाही असं होतं का? दशमांश, म्हणजे मिळकतीतला देवाचा दहावा हिस्सा, थांबवला तर पाप लागेल का?

— एक बहीण, डिचोली


प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम. तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी विम्याच्या त्या वाक्याकडे. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. कर्जात बुडालेला, झोप उडालेला, दुखणं अंगावर वागवणारा माणूस असं बोलतो तेव्हा ते त्रागा समजून सोडून द्यायचं नसतं. आजच, मुलगी घरात नसताना त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं नाही. उलट आत कोंडलेलं बाहेर यायला वाट मिळते. ते हो म्हणाले, किंवा नुसते गप्प राहिले, तरी त्यांना एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारी मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे त्यांना घेऊन जा. ज्या डॉक्टरांनी कमरेचं ऑपरेशन केलं त्यांनाही सांगा, की झोप लागत नाही, आणि रात्री कळ येत असेल तर तेही. दुखणं आणि जागरण मिळून धडधाकट माणसाचंही मन खचवतात.

त्यांनी प्रार्थना सोडली म्हणून त्यांच्यामागे लागू नका. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला होता, आता पुरे, माझा प्राण घे. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला ज्यानं डोळ्यांनी पाहिला, तो माणूस हे बोलत होता. देवानं त्याला वचन ऐकवलं नाही, विश्वासाबद्दल विचारलं नाही. देवदूतानं त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली. तो जेवला, पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवून जेवू घातलं. बोलणं त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर झालं. तुमच्या मिस्टरांना सध्या वेळेवर जेवण, झोप आणि औषध हवं आहे. प्रार्थना त्यांच्या वतीनं तुम्ही करा, आणि ती त्यांना ऐकवण्यासाठी मोठ्यानं करू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. विश्वास कमी पडला का?

नाही. तुमच्या घरावर जे कोसळलं त्याची कारणं तुम्हीच लिहिली आहेत. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणकाम थांबलं. त्या दिवसापासून डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या किती अंगणांत ट्रक गंजत उभे राहिले ते तुम्ही पाहिलं आहे. त्या अंगणांत तुळशीवृंदावनंही होती आणि खुरीसही (क्रूस) होते. त्यानंतर कमरेचं दुखणं आलं. ट्रकमध्ये आणि गाडीत वर्षानुवर्षं बसून काम करणाऱ्यांना ते येतं. यातलं काहीही तुमच्या प्रार्थनेत कसर राहिली म्हणून घडलेलं नाही.

पवित्र शास्त्रात तुमच्यासारख्याच एका घराची गोष्ट आहे. त्या उपदेशकांनी तुम्हाला सारफथची विधवा सांगितली. मी तुम्हाला दुसरी सांगते, २ राजे ४ मधली. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळीतला, म्हणजे देवाच्या सेवेतलाच माणूस. तो मेला आणि मागे कर्ज ठेवून गेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला होता. ती अलीशा संदेष्ट्याकडे जाऊन ओरडली, की माझा नवरा परमेश्वराचं भय बाळगणारा होता हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी आज ही वेळ आली आहे. तुमची मुलगी विचारते तोच प्रश्न आहे हा. अलीशा तिला दटावत नाही. नवऱ्यानं कर्ज का केलं, घरात अविश्वास आहे का, असलं काही तो विचारत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो. मी तुझ्यासाठी काय करू? आणि तुझ्या घरात काय आहे?

घरात तेलाच्या एका कुपीशिवाय काही नव्हतं. मग तो तिला सांगतो, जा, सगळ्या शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको, आणि दार लावून कुपीतलं तेल त्यांत ओत. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. देवाला तेल वाढवायचंच होतं तर तिच्या घरातली ती एक कुपीच पुरली नसती का? पण तिला आधी दारोदार जावं लागलं. "जरा भांडं द्याल का?" असं म्हणावं लागलं. ती का आली आहे हे त्या आळीत सगळ्यांना कळलंच असणार, कारण सावकार दारात आलेला कोणापासून लपतो? शेजारणींनी भांडी दिली. कोणी काय म्हणालं असेल ते शास्त्रात लिहिलेलं नाही. तेल किती आलं? मागून आणलेली भांडी भरेपर्यंत आलं आणि शेवटचं भांडं भरल्यावर थांबलं. चमत्कार दार लावून घरात झाला, पण त्याचं माप शेजाऱ्यांनी दिलेल्या भांड्यांएवढं होतं.

त्या भांड्यांशिवाय तिचं कर्ज फिटलं नसतं. तुमच्या घरात मात्र कोणाला कळू द्यायचं नाही अशी ताकीद आहे. म्हणजे ज्या वाटेनं देव पुरवठा पाठवील ती वाटच आतून कडी लावून बंद केली आहे. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. मंडळीच्या पंचाला आपलं घर उघडं पाडायची किती लाज वाटत असेल ते मला समजतं.

आणखी एक गोष्ट बघा. तेल भरल्यावर ती पुन्हा अलीशाकडे आली, तेव्हा तो म्हणाला, जा, तेल वीक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुलं जगा. त्यातलं एक माप तेलही त्यानं स्वतःसाठी ठेवून घेतलं नाही.

सारफथच्या विधवेबद्दलही बोलायला हवं, कारण त्या गोष्टीचा उपयोग तुमच्याकडून पैसे काढायला झाला. दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ उरलेल्या त्या विधवेकडे एलीयानं आधी स्वतःसाठी भाकर मागितली हे खरं आहे. पण तो स्वतः उपाशी होता. करीथ ओहळ आटला म्हणून देवानं त्याला तिच्याकडे धाडलं होतं. तिच्या पिठाचं मडकं रिकामं झालं असतं तर तोही तिच्याबरोबर उपाशी राहिला असता. दुष्काळ संपेपर्यंत तो त्याच घरात राहिला, त्याच पिठाची भाकर खाल्ली, आणि तिचा मुलगा दगावला तेव्हा त्याला उचलून स्वतःच्या बिछान्यावर निजवून देवाचा धावा केला. रात्री पाकीट घेऊन सकाळच्या बसनं जाणारा माणूस एलीयाचं नाव कोणत्या तोंडानं घेतो? देवाला पैसे देऊन त्याच्याकडून परतफेडीची तारीख घ्यायची, हा व्यवहार शुभवर्तमानात नाही. प्रभू येशूनं शास्त्र्यांबद्दल म्हटलं की ते विधवांची घरं गिळंकृत करतात आणि ढोंगानं लांबलचक प्रार्थना करतात. मार्काच्या १२ व्या अध्यायात हे वाक्य येतं आणि लगेच त्याखाली दोन टोल्या टाकणारी गरीब विधवा येते. ती गोष्ट दानाच्या वेळी आपण सगळे सांगतो, आधीचं वाक्य मात्र वाचायचं राहून जातं.

त्या उपदेशकांना पुन्हा फोन करू नका, एक रुपयाही आणखी देऊ नका. तुमच्या पाळकांना सगळं सांगा. पाच हजार परत मागायचे असतील तर ते पाळकांच्या तोंडून मागा. घरात अविश्वास आहे हे त्यांचं वाक्य मनातून काढून टाका. तुम्ही अडचणीतून सुटायला धडपडत होतात, आणि देव तुमची धडपड जाणतो.

दशमांशाचं उत्तर सोपं आहे. कर्जाच्या पैशांतून दशमांश द्यायचा नसतो, कारण तो पैसा तुमचा नाही. प्रेषित पौलानं २ करिंथ ८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दान ज्याच्याजवळ जे असेल त्याप्रमाणे मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. आणि अनुवाद १४ वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावाच्या वेशीत साठवायचा तो कोणासाठी? लेवी (उपासनेची सेवा करणारे), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. ज्याच्या घरात मिळवता हात थांबला आहे तो आज त्या यादीत आहे. दशमांशाच्या नियमशास्त्रात तुमची जागा सध्या घेणाऱ्यांत आहे. ते स्वीकारण्यात आज्ञाभंग नाही. ब्लाउजच्या शिलाईतून दहा रुपये मनापासून टाकावेसे वाटले तर टाका. नाही टाकले तर देव तुमच्या घराचा हिशोब मागायला बसलेला नाही.

राहिला हात पसरण्याचा प्रश्न. मला याच विषयावर जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या मराठी मंडळ्यांत हा गैरसमज खोल रुजला आहे. 'मी माणसाकडे मागत नाही, देवाकडे मागतो' हे साक्षीत ऐकायला छान वाटतं. पण फिलिप्पै ४:१९ आपण भिंतीवर लावतो, "माझा देव आपल्या संपत्त्यनुरूप तुमची सर्व गरज ख्रिस्त येशूच्या ठायी गौरवाने पुरवील", ते वचन कसल्या पत्रात आहे? पौल कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली, आणि त्या मदतीची पोच देताना त्यानं हे वाक्य लिहिलं. देवानं पौलाची गरज कशी भागवली? माणसांनी वर्गणी काढली आणि एक माणूस ती घेऊन आला, त्या सेवेत तो मरणाला टेकेपर्यंत आजारी पडला. मान्नाची गोष्टही पौल २ करिंथ ८ मध्ये कशासाठी वापरतो ते पाहा. एका मंडळीच्या विपुलतेतून दुसऱ्या मंडळीची वाण भरून निघावी म्हणून. आकाशातून पडलेल्या अन्नाचा अर्थ तो वर्गणीत शोधतो.

येरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जाऊ लागलं. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना अजून उपास-प्रार्थना करा असं सांगितलं नाही. पवित्र आत्म्यानं भरलेली सात माणसं मंडळीकडून निवडून घेऊन त्या वाटपाच्या कामावर नेमली. हे तुमच्या मिस्टरांना, ते ऐकायच्या मनःस्थितीत असतील तेव्हा, सांगा. पंचाचं काम तिथून सुरू झालं. त्यांनीही मंडळीच्या वतीनं कोणाच्या घरी तांदूळ, कोणाच्या इस्पितळाचं बिल पोचवलं असेल. त्या घरांना त्यांनी कधी अविश्वासी मानलं का? मग स्वतःच्याच घराला वेगळी फूटपट्टी का?

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात घेतलं जातं. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात तिनं मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. देव रोजचं अन्न देईल यावर तिचा केवढा भरवसा होता ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रमाबाई त्याआधी अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या, हिंदू विधवांची स्थिती सांगून त्यांनी लोकांकडे मदत मागितली, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली. केडगावला त्यांनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या, शेती केली, मुलींना छपाई आणि विणकाम शिकवलं. मागणं आणि भरवसा यांचं त्यांच्या आयुष्यात कधी भांडण झालं नाही.

महिला मंडळाच्या मदत-निधीचं काम मी बरीच वर्षं पाहत आले आहे. त्यावरून सांगते, की लोक फार उशिरा येतात. हप्ते थकले तेव्हा आले असते तर शंभर वाटा होत्या, घर गेल्यावर येतात तेव्हा एखादीच उरते. मंडळीत कुजबुज होणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. म्हणून सगळ्यांना सांगू नका. पाळकांना सांगा, आणि जिच्या पोटात गोष्ट राहते अशा एका वयस्कर बाईला सांगा. मिस्टरांना न सांगता जाऊ नका, पण त्यांच्या परवानगीसाठी महिनोन्‌महिने थांबूही नका. "तुमचा मान मला तुमच्याइतकाच प्यारा आहे, पण तुम्ही मला त्याहून जास्त हवे आहात," एवढं म्हणा आणि जा.

जाताना एक वही बरोबर न्या. कोणाचं किती देणं, हप्ता किती, तारीख कोणती, दागिन्यांवर व्याज किती, सगळं एका पानावर उतरवा. भीती मोघम असते तोवर ती वाढत राहते. त्या वहीवरून पुढच्या गोष्टी लगेच करता येतील.

मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायची मुभा नाही. शिवीगाळ, धमक्या, नातेवाइकांना त्रास देणं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. नियम असाही आहे की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्ज त्यांनी द्यायचंच नसतं. दुसऱ्या कंपनीनं तुमचं उत्पन्न नीट विचारलं होतं का ते आठवा. दोन्ही कंपन्यांना लेखी अर्ज द्या, आजारपणाचे कागद जोडा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, त्यासाठी माहिती १४४४८ वर मिळते. वकिलाची गरज पडली तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. नवीन कर्ज काढून जुनं फेडायच्या फंदात मात्र पडू नका.

दीन दयाळ कार्ड याच आठवड्यात रिन्यू करा. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ४ लाखांपर्यंत आणि तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. गृह आधारचा अर्ज भरला नसेल तर भरा. गोव्यात १५ वर्षं वास्तव्य आणि ठरलेल्या मर्यादेतलं उत्पन्न असलेल्या गृहिणीला महिन्याला दीड हजार मिळतात. सरकारी पैसा घेतला तर देवावरचा भरवसा कमी होतो असं कोणी म्हणालं तर त्याला लेवीय १९ वाचायला द्या. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवा, असा देवानंच कायदा केला होता. रूथ त्या कायद्याच्या आधारानं बवाजाच्या शेतात गेली. तिनं वेचलेल्या सातूला कोणी अविश्वासाचं धान्य म्हटलं नाही. बांबोळीला किंवा पणजीच्या कार्यालयात रांगेत उभ्या राहाल तेव्हा रूथ आठवा.

पुरुमेंत भरलं नाही याचं तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते गोव्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. एप्रिल-मे मध्ये सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच, उकडे तांदूळ डब्यांत गेले की पावसाळ्याला तोंड द्यायची छाती येते. जून-जुलैत मासेमारी बंद, कामं थंड, आणि तुमच्याकडे डबे रिकामे. "उद्याची चिंता करू नका" या वचनाचा आधार घेऊन तुम्हाला कोणी सांगेल की साठवणंच चूक होतं, डबे रिकामे आहेत तेच बरं. ते खरं नाही. योसेफानं मिसरात सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला आणि देवानं त्याच कोठारांतून त्याच्या भावांना, म्हणजे सगळ्या इस्राएलाला, जगवलं. प्रभूनं मना केलं ते जीव पोखरणाऱ्या काळजीला. महिला मंडळातल्या बायका आपापल्या डब्यातलं थोडं थोडं काढून तुमचा पावसाळा भागवू शकतात. कोणी सोलं देईल, कोणी तांदूळ. तुम्ही सांगितलंत तरच.

आता मी जे सांगणार आहे ते जड आहे. हे सगळं करूनही कर्ज लवकर फिटेल असं वचन मी देऊ शकत नाही, आणि शास्त्रही देत नाही. स्तोत्र ३७ मधला वृद्ध म्हणतो की नीतिमानाची संतती भिकेस लागलेली मी पाहिली नाही. ती त्याची साक्ष आहे आणि मी ती मानते. पण त्याच बायबलात इब्री ११ मध्ये विश्वासवीरांच्या यादीत मेंढरांची कातडी पांघरून, वाण सोसत रानोमाळ हिंडलेली माणसं आहेत. पौल स्वतःबद्दल लिहितो की मी पुष्कळ वेळा उपाशी राहिलो. फिलिप्पैकरांना तोच लिहितो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्हींचं रहस्य मला शिकवण्यात आलं आहे. म्हणजे अडचण आली की विश्वास खोटा ठरतो, हे गणित शास्त्रात कुठेच बसत नाही. माझा भरवसा आहे तो यावर, की पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, तो तुमच्या स्वयंपाकघरातून उठून गेलेला नाही, आणि ज्यांच्या हातून तो देणार आहे अशी माणसं त्यानं तुमच्या आसपास ठेवली आहेत. ती कधी हात आखडतात. ते पाप त्यांचं आहे, त्याचा दोष तुमच्या विश्वासावर येत नाही. याकोब त्यांनाच सुनावतो, की उघड्या-उपाशी भावाबहिणीला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणालात आणि अंगाला लागणारं काही दिलं नाहीत तर उपयोग काय?

मुलीला उत्तर द्यायची घाई करू नका. बारावीतल्या मुलीला खोटं उत्तर लगेच ओळखू येतं. "तुझा प्रश्न मलाही पडला आहे" असं म्हणायला घाबरू नका. तिला स्तोत्र १३ वाचून दाखवा, "हे परमेश्वरा, किती वेळ?" म्हणणारं. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तेही देवाच्या पुस्तकात देवानंच ठेवलं आहे. आपली भाषा कितीही कडू झाली तरी तो ऐकतो हे तिला त्यातून कळेल. घरचा हिशोब तिच्यापासून लपवू नका, वहीचं ते पान तिच्याकडूनच लिहून घ्या. शिकण्याची आशा सोडायची नाही हे तिला सांगा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शिक्षण कर्जाची योजना आहे, तिची माहिती तिनंच काढावी. रविवारी उपासनेला येत नाही म्हणाली तर ओढून नेऊ नका. पण पाळकांकडे तुम्ही जाल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि तिचा प्रश्न त्यांना तिलाच विचारू द्या.